जुन्या फियाट-पद्मिनीचे आतले पत्रे रंगवताना: रंग खरवडण्यापासून नॉब परत बसवण्यापर्यंत

डॅशबोर्ड रंगवून घेतला, उन्हाळाभर छान दिसला आणि पावसाळा लागताच वायपरच्या नॉबभोवती फुगला. दाराच्या काचेच्या चौकटीला नख लावलं तर रंगाची पापडीच हातात येते. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण पूर्वी टक्कन लागायचं, ते आता कडेला अडतं. जुन्या फियाटवाल्यांच्या या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि खापर बहुतेक वेळा रंगाच्या डब्यावर फुटतं. डबा सहसा निर्दोष असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम: आधी घासलं आणि मग पुसलं, आधी लांबी (पुट्टी) भरली आणि मग गंज दिसला, रंग आतून मऊ असतानाच नट आवळले.

पुढची माहिती फियाट अकराशे डिलाइट आणि प्रीमियर पद्मिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. त्या काळच्या इतर गाड्यांचे पत्रे आणि स्क्रू वेगळे असतील, क्रम तोच राहील.

## सुरुवातीला: खरंच सगळा रंग काढायला हवा का?

गाडीत बसून सावकाश नजर फिरवा. आत दिसणारा रंगवलेला पत्रा म्हणजे डॅशबोर्ड, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, दारांच्या वरच्या भागातल्या चौकटी, दारं टेकतात ते खांब आणि उंबऱ्याच्या कडा. दाराचं खालचं पॅनेल पत्र्याचं नसतं, ते हार्डबोर्डवर ताणलेलं रेक्झिन असतं. त्याचा विचार शेवटी वेगळा केला आहे.

कंपनीतून आलेला मूळ थर घट्ट बसलेला असेल, भेगा नसतील आणि त्यावर फार तर एकदा रंग मारलेला असेल, तर तो उगाच काढू नका. चांगल्या पत्र्यावर घट्ट बसलेल्या जुन्या अस्तरासारखं (प्रायमरसारखं) अस्तर घरच्या कामात क्वचितच जमतं. असा थर स्वच्छ करून, घासून, त्यावर एपॉक्सीचं अस्तर मारलं की काम भागतं. रंग मुळापासून काढायचा तो तीन कारणांसाठी: पोपडे सुटत असतील, चिखल वाळल्यावर पडतात तशा बारीक भेगा असतील, किंवा थरांवर थर चढून कडा जाड झाल्या असतील.

किती थर आहेत हे कळायला डॅशच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला रुपयाएवढी जागा २४० नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तसा पेपर बारीक) मधोमध खोल आणि कडेला उथळ अशी घासा. झाडाच्या खोडात दिसतात तशी कडी उमटतात. एक कडं म्हणजे एक थर. खासगी म्हणून विकत घेतलेल्या गाडीत मधेच टॅक्सीचा काळा किंवा पिवळा निघाला तर नवल नाही. गाडीचा खरा पूर्वेतिहास असा कळतो, आणि तो कळल्यावर विकणाऱ्याला फोन करण्यात अर्थ नसतो.

## १. ऋतू आणि जागा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत ड्युको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, पांढरट पडतो. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतलं बाष्प ओल्या थरावर बसतं आणि रंगावर धुकं आल्यासारखं दिसतं. रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर घालून थोडं सावरता येतं, पण पत्र्यावर अस्तराखाली अडकलेल्या ओलाव्यावर कसलाच उपाय नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुणे, नाशिक, नागपूरकडे एप्रिल-मेच्या दुपारी अडचण उलटी असते. तिथे थिनर रंग फवारायच्या बंदुकीतून पत्र्यापर्यंत जाईतोच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. अशा वेळी सकाळी लवकर काम उरका आणि सावकाश उडणारा थिनर वापरा.

तपासणी: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियस वर हवं. उपकरण नसेल तर ओलसर फडक्याने पत्र्यावर एक पट्टा ओढा. तो पाव तासात वाळला नाही तर त्या दिवशी रंग नको.

## २. सुटं करणं

बॅटरीची अर्थिंगची तार आधी सोडा, मगच डॅशच्या मागे हात घाला. त्यानंतर फोटो काढा. समोरून एक फोटो पुरत नाही. प्रत्येक स्विचच्या मागची जोडणी, तारांचे रंग, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, हे सगळं जवळून टिपा. तारांना मास्किंग टेपचे झेंडे लावा आणि त्यावर पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई थिनरच्या एका थेंबाने पसरते. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर नाव टाका. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. तिच्या नॉबची कडी किंवा क्रोमच्या पट्ट्यांच्या क्लिपा हरवल्या तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात अर्धा दिवस मोडतो, आणि तरी जोडीतला एकच मिळतो.

काच वर-खाली करायचं हँडल ओढून काढू नका. त्यामागची चकती दाबून टॉर्चने फटीत पाहा. तिथे आडवी पिन किंवा नालाच्या आकाराची क्लिप असते, काही हँडलांना मधे स्क्रू असतो. पिन बारीक पंचने ढकलावी. क्लिप काढताना वर फडकं धरा, कारण ती उडते आणि सीटखाली जाते.

डॅशचा पत्रा बॉडीला जोडलेला असेल तर तो जागेवरच रंगवावा लागतो. मीटर, ॲश ट्रे, नॉब, स्विच, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, वर रेक्झिनची गादी असेल तर ती, असं सगळं निघालंच पाहिजे. “भोवती टेप लावून मारतो” असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. फुगणं सुरू होतं ते नेमकं नॉबच्या कड्याखाली, जिथे टेपच्या कडेला अस्तर पोहोचलेलं नसतं.

समोरच्या काचेचं रबर डॅशच्या वरच्या कडेला टेकतं. रबर कडक झालं असेल तर काच काढून नवं रबर घालायचं काम याच वेळी करा. जुन्या रबराला टेप लावून रंग मारला की रबराच्या ओठाखाली एक कच्ची रेघ राहते, आणि काचेतून गळणारं पाणी पहिल्यांदा तिथेच थांबतं.

## ३. धुणं आणि सिलिकॉन काढणं (घासायच्या आधी)

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. गेली कित्येक वर्षं त्या डॅशवर चमक आणणारं पॉलिश चोळलेलं असतं. त्यात बहुधा सिलिकॉन असतं. तसंच घासलं तर पेपरच्या ओरखड्यांतून सिलिकॉन पत्र्यापर्यंत दाबलं जातं आणि नवा रंग पडला की जागोजागी गोल खड्डे उघडतात. पेंटर त्यांना फिश-आय म्हणतात. एकदा ते आले की वरून कितीही रंग मारा, बुजत नाहीत.

क्रम असा ठेवा. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने पिळलेल्या फडक्याने पुसा. साध्या पाण्याने पुन्हा पुसा आणि वाळू द्या. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर घ्या. एका फडक्याने ओला लावा आणि तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. एकाच फडक्याने फिरवत राहिलात तर तेल फक्त इकडून तिकडे जातं. फडकी सारखी बदला. पांढऱ्या बनियनचे तुकडे सर्वांत चांगले, मळ लगेच दिसतो.

सावधान: गॅरेजमध्ये सर्रास वापरलं जाणारं रॉकेल इथे चालत नाही. त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. पेट्रोलही नको. बंद गाडीत ते आगीचं निमंत्रण आहे.

तपासणी: पत्र्यावर पाणी शिंपडा. सलग पापुद्रा राहिला तर स्वच्छ. थेंब गोळा होऊन पळाले तर पुन्हा पुसा.

## ४. जुना रंग ओळखणं

न दिसणाऱ्या जागी एनसी थिनरने भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो ड्युको. सुरकुत्या पडून उठू लागला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून कडक होणारा रंग) किंवा भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग.

ही परीक्षा टाळली तर पुढे एक ठराविक घोटाळा होतो. इनॅमलवर ड्युको मारला की त्यातला कडक थिनर खालचा थर उचलतो आणि अख्खा डॅश सुरकुततो. इनॅमल निघालं तर एक तर ते पूर्ण काढा, नाहीतर एपॉक्सीने पूर्ण झाका.

## ५. रंग काढणं

तीन मार्ग आहेत: हाताने घासणं, पेंट रिमूव्हर आणि उष्णता. कोणता वापरायचा हे पॅनेल सुटं आहे की गाडीत आहे यावर ठरतं.

गाडीत जागेवर असलेला डॅश फक्त घासून साफ करा. रिमूव्हर तिथे नको, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं जिवाशी संबंधित आहे. अनेक जुन्या धर्तीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गाडीच्या तळात साचते, म्हणजे डॅशखाली वाकलेला माणूस नेमका तिच्यात डोकं घालतो. शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. साध्या कार्ट्रिजच्या मास्कमधूनही ती लवकर पार होते. अमेरिकेत २०१९ पासून सामान्य ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला बंदी आहे. दुसरं कारण कामाचं. रिमूव्हर पत्र्यांच्या जोडांत शिरतो. तिथून तो धुऊन निघत नाही आणि काही आठवड्यांनी झिरपत बाहेर येऊन नवा रंग फुगवतो.

सुटे निघालेले भाग, म्हणजे ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, ॲश ट्रेची चौकट, सुट्या पट्ट्या, यांना रिमूव्हर चालतो, पण उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून आणि रसायनाला टिकणारे जाड हातमोजे घालून. ब्रशने एकाच दिशेने जाड थर लावा आणि वर प्लॅस्टिकचा कागद टाका, म्हणजे तो वाळत नाही. रंग उठला की बोथट पत्रीने खरवडा. ब्रश पुढे-मागे फिरवत राहिलात तर वरची मेणाची साय मोडते आणि रिमूव्हर काम न करताच उडून जातो. शेवटी भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि जोडांना वाऱ्याच्या झोताने फुंका.

कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून आणायचा स्वस्त मार्गही लोक सुचवतात. पोलादाला तो चालेल. पण क्रोम केलेले ओतीव जस्ताचे नॉब आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्यात अक्षरशः खाल्ल्या जातात. टाकीत टाकायच्या आधी चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर टाकू नका.

उष्णतेबद्दल थोडक्यात: ब्लो लॅम्प कधीच नाही. हीट गनही या कामाला मला पसंत नाही. पातळ पत्रा वाकतो आणि जुन्या रंगातलं शिसं धुरावाटे फुफ्फुसात जातं. सँडब्लास्टिंगवालाही डॅशचा पत्रा हमखास लाटांसारखा करून देतो.

घासण्याची पद्धत. सुरुवात ८० किंवा १२० नंबरने, सपाट भागावर लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. वळणावर ठोकळा सोडा आणि पेपरच्या घडीमागे जाड स्पंज घ्या. बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा पडतात, त्या आत्ता दिसत नाहीत पण चकाकी आल्यावर उठून दिसतात. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून घाई करू नका. तो रंग काढतो त्याहून जास्त पत्रा घोटून गुळगुळीत करतो, आणि गुळगुळीत पत्र्यावर अस्तर धरत नाही. रंग निघाला की सगळीकडे १८० नंबरचे ओरखडे पडू द्या. अस्तराला धरायला तेच हवेत.

सावधान: शिसं. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. तुमच्या गाडीतला जुना पिवळा, नारिंगी, लाल थर शिशाचाच आहे असं धरून चाला. वरचे थर पाणी लावून वॉटर पेपरने घासा, म्हणजे धूळ उडत नाही. धुळीची पी३ गाळणी असलेला मास्क लावा, रुमाल नव्हे. घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा. कामाचे कपडे वेगळे धुवा. खरवड झाडून गटारात लोटू नका, पिशवीत बांधा.

पत्रा दिसू लागला की पाणी थांबवा. तिथून पुढे हलक्या हाताने कोरडं घासा आणि खरवड ओल्या फडक्याने सारखी उचलत राहा.

## ६. गंज

उघडा पत्रा समुद्रकिनारी काही तासांत तांबूस होतो. म्हणून एका दिवसात अस्तरापर्यंत नेता येईल एवढाच भाग एका वेळी उघडा करा. “सगळं खरवडून ठेवतो, रंग पुढच्या रविवारी” हा बेत मुंबईत चालत नाही.

गंजाचं मूळ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. डॅशच्या वरच्या कोपऱ्यांत गंज असेल तर पाणी बहुतेक काचेच्या रबरातून येतं. एकाने बाहेरून मगाने सावकाश पाणी ओतावं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन कोपरा पाहावा. गंज पत्र्याच्या मागच्या बाजूने आलेला असेल तर पुढून घासून काही साधत नाही. टोकदार पेचकसाने हलकं टोचून पाहा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर तो भाग कापून नवा पत्रा लावायचा आहे. त्यावर लांबी थापणारा पेंटर काम संपवून पैसे घेऊन जातो आणि सहा महिन्यांनी लांबीचा खडा खाली पडतो.

वरवरच्या आणि खळग्यांतल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिडचं रसायन चालतं. ते लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ओलं ठेवा आणि वाळायच्या आत पाण्याने धुऊन काढा. हे धुणं बहुतेक जण टाळतात. ॲसिडचा अंश किंवा मागे राहिलेली पांढरट पावडर एपॉक्सीला धरू देत नाही. धुतल्यावर हेअर ड्रायरने कोरडं करा, पुन्हा १८० नंबरचा हात फिरवा, ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि लगेच अस्तर.

## ७. अस्तर

आतल्या पत्र्यासाठी माझी निवड दोन भागांचं एपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि ग्रिलला ठीक आहे. ज्यावर पुढे कडक थिनरचा रंग पडणार, तिथे तो नको.

एपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात मोजून घ्या, अंदाजाने नव्हे. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, नुसतं चिवट राहतं. मिसळल्यावर काही मिनिटं थांबायला सांगितलं असेल तर थांबा. हातमोजे घाला, त्याचा हार्डनर त्वचेला बाधतो.

मारायच्या आधी आट्या (बोल्ट फिरतो ते भोकातले पेच) बंद करा. डॅशमधल्या आट्यांच्या भोकांत टेप गुंडाळलेले जुने बोल्ट फिरवून ठेवा. आणि अर्थिंगच्या जागा शोधा. मीटरचे दिवे, घड्याळ, लायटर यांची अर्थिंग बऱ्याचदा डॅशच्या पत्र्यातूनच जाते. तो नेमका रिंग-टर्मिनल टेकण्याचा गोल टेपने झाका. हे विसरल्यामुळे रंगकामानंतर मीटरचे दिवे लागत नाहीत, इलेक्ट्रिशियन येतो आणि चांगल्या तारा कापत बसतो.

कडा आणि भोकांच्या कडा बारीक ब्रशने आधी मारून घ्या, मग बंदूक. दोन पातळ हात पुरे.

तपासणी: दुसऱ्या दिवशी न दिसणाऱ्या जागी ब्लेडने फुली मारा, त्यावर टेप घट्ट चिकटवा आणि झटक्याने ओढा. फुलीच्या कडेचं अस्तर टेपवर आलं तर इथेच थांबा आणि उतरवा. वर रंग मारल्यावर उतरवणं चौपट त्रासाचं.

## ८. लांबी आणि सरफेसर

एपॉक्सीवर किती तासांच्या आत पुढचा थर चालतो हे डब्यावर असतं. ती वेळ उलटली तर आधी ३२० नंबरने घासा. पॉलिएस्टर लांबी एपॉक्सीवर चालते, ॲसिडने पत्र्याला धरणाऱ्या एच प्रायमरवर चालत नाही. पातळ भरा. खळगा खोल असेल तर दोनदा भरा. ८० ने आकार द्या, १८० आणि ३२० ने गुळगुळीत करा. नको असलेली जुनी भोकं, म्हणजे कोणीतरी पाडलेल्या स्पीकरची, मूर्तीच्या स्टँडची, पंख्याची, लांबीने बुजवू नका. झाळून बुजवा. नुसती लांबी भोकात घट्ट बसत नाही आणि कडेने गोल भेग दिसू लागते.

वर पीयू मारायचा असेल तर सरफेसरही (रंगाआधी मारून घासून सपाट करायचा थर) पीयूचाच घ्या. ४०० आणि मग ६०० नंबरने घासा. घासायच्या आधी काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करा. घासून झाल्यावर जिथे काळं उरलं तिथे खळगा, जिथे सर्वांत आधी पत्रा उघडा पडला तिथे उंचवटा. उघड्या पडलेल्या पत्र्यावर पुन्हा एपॉक्सी, कितीही लहान जागा असली तरी.

## ९. रंगाची निवड

नमुना वर दिसणाऱ्या डॅशवरून घेऊ नका. तो उन्हाने उडालेला असतो. मीटरमागची कड किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या बिजागरीखालची जागा खरा रंग सांगते. दुकानात मिसळलेला रंग पत्र्याच्या तुकड्यावर मारा, वाळू द्या आणि उन्हात जुळवा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आल्यावर हिरवट निघतो. एकदाच एक लिटर मिसळून घ्या. उरलेला बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा.

चकाकीचा विचार लोक करतच नाहीत. डॅशचा वरचा भाग चकचकीत असला की समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि दुपारच्या उन्हात रस्ता फिकट दिसतो. वरचा भाग मॅट किंवा अर्ध-मॅट ठेवा, उभ्या भागाला हवी तेवढी चकाकी द्या.

ड्युको की पीयू? पीयू घामाला, सॅनिटायझरला, रोजच्या हाताला जास्त टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कार्ट्रिज संपल्याचं वासावरून कळत नाही आणि एकदा त्याने दमा जडला की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून माझं मत सरळ आहे: आठव्या टप्प्यातल्या लांबीपर्यंतचं काम स्वतः करा आणि पीयूचा सरफेसर आणि शेवटचा हात बूथ (रंग फवारायची बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. घरीच संपवायचं असेल तर ड्युको. तो दुरुस्तीलाही सोपा. आणि पीयूमध्ये पेंटर एनसी थिनर ओतत असेल तर हात धरा. त्यातल्या अल्कोहोलशी हार्डनरची क्रिया होते आणि रंग कधीच नीट कडक होत नाही.

## १०. रंग मारणं

कम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मिनिटभर नुसती हवा मारा. ओलावा किंवा तेलाचा ठिपका दिसला तर फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगासाठी १.३ किंवा १.४ मिमीचं नोझल, पत्र्यापासून १५ ते २० सेंटीमीटर अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. बंदूक मनगटाने कमानीसारखी फिरवू नका, अख्खा हात समांतर न्या. डॅशवर क्रम: खालची कड, भोकांच्या आतल्या कडा, कोपरे, मग मोठे सपाट भाग. सपाट भाग आधी उरकले तर कडा मारताना उडालेली भुकटी त्यांवर बसते.

पहिला हात विरळ, खालचं अस्तर दिसेल असा. पुढच्या प्रत्येक हाताआधी चमक मावळेपर्यंत थांबा. पीयूला दोन-तीन हात पुरतात, ड्युकोला चार ते सहा. ओघळ आला तर बोट लावू नका. वाळल्यावर १००० नंबरने काढता येतो.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आणि दाराच्या कडांना एक हात कमीच द्या. दोन्ही कडांचा जाड थर मिळून फट खातो.

टेप रंग थोडा मऊ असतानाच, मागे दुमडून, रंगापासून दूर ओढत काढा.

## ११. थांबणं, मग जोडणं

पीयू रात्रीतून हाताला सुका लागतो, पण आतून पक्का व्हायला २५-३० अंशांत साधारण आठवडा घेतो. ड्युको त्याहून जास्त दिवस आक्रसत राहतो. या काळात नॉबचं कडं आवळलं तर रंगात गोल ठसा उमटतो आणि कड्याखालचा थर पिळून निघतो. तिथूनच पुढच्या पावसाळ्यात फुगा येतो. किमान आठवडा गाडीला हात लावू नका. काचा थोड्या उघड्या ठेवा. जोडताना नॉबच्या कड्याखाली पातळ फायबर वॉशर घाला आणि नट बोटांनी लावून वर जेमतेम पाव फेरा द्या.

अर्थिंगवरचे टेप काढा, टर्मिनल घासून घ्या, मग बॅटरी जोडा. वर आवरणं बसवायच्या आधी प्रत्येक दिवा, वायपर, हॉर्न तपासा.

## दारांची हार्डबोर्ड पॅनेलं

ही फुगतात ती वरून नव्हे, मागून. दारात काचेच्या फटीतून पाणी येतच असतं. ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं आणि पॅनेलपर्यंत न पोहोचायला मधे प्लॅस्टिकचा कागद हवा. रंगकामात हा कागद फाटतो आणि परत कोणी लावत नाही. नवा जाड कागद ब्युटाइल टेपने चिकटवा. त्याचं खालचं टोक दाराच्या आत खोचा, पॅनेलच्या बाजूला सोडू नका. दाराच्या तळातली भोकं रंगाने बुजली नाहीत ना, ते तारेने पाहा.

हार्डबोर्ड फुगलेलं असेल तर ते सपाट होत नाही. ३ मिमीच्या नव्या हार्डबोर्डवर जुन्याची भोकं उतरवा, दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात द्या, मग रेक्झिन ताणा. रेक्झिनचा रंगच बदलायचा असेल तर साधा रंग नको, व्हिनाइलसाठीचा लवचीक रंग घ्या. तिथेही तिसरा टप्पा जसाच्या तसा लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण पॉलिशमधलं सिलिकॉन तिथे दाण्यांच्या खाचांत बसलेलं असतं. मऊ ब्रशने खाचा घासा, पण पॅनेलच्या मागे पाणी जाऊ देऊ नका.

पॅनेलच्या क्लिपा आत दाबताना तळहात क्लिपच्या नेमका वर ठेवा. मधे दाबलं तर हार्डबोर्ड भोकापाशी फाटतं. पहिला महिनाभर रंगवलेल्या पत्र्यावर फक्त ओलसर सुती फडकं फिरवा. डॅशबोर्ड पॉलिशची बाटली गाडीतून काढून टाका.